पाण्याचे कागद

रविवार, रात्री

कुणबी नोंदींचं काम एक दिवस संपणार. मराठा कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ च्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या कागदांची मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, मग घराघरांतले खरेदीखतं नि दाखले. घरखर्च त्यावर चाललाय, आणि एखाद्या आजोबांना त्यांच्या पणजोबांचं नाव बोट ठेवून वाचून दाखवलं की त्यांचा चेहरा जो उजळतो, तोही मला मोलाचा आहे. पण पानामागे मिळणाऱ्या पैशांवर पुढची वीस वर्षं निघणार नाहीत. शिवाय संगणकाला मोडी शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते यशस्वी व्हावेत असंच मला वाटतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, ते माणसांच्या हातून कधी वाचून व्हायचे?

मग माझ्याकडे काय उरतं? आठवडाभर हेच डोक्यात होतं.

काल एक कागद समोर होता. आधी आडवी रेघ मारून घेतलेली, तिच्याखाली बोरू न उचलता ओळ धावलेली. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. अक्षरं लागली. शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं जुनं दफ्तरी वर्ष, होता 'इहिदे तिसैन मया व अलफ', म्हणजे ११९१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढायला आषाढातल्या कागदासाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि चैत्रातल्यासाठी ६००. हा चैत्रातला, म्हणजे १७९१. इथपर्यंत कुणीही शिकून येऊ शकतो. पण तंटा पाटाच्या पाण्याचा होता, आणि तो समजायला फड पद्धत ठाऊक असावी लागते.

मी साक्री तालुक्यातली. पांझरेवर एकाखाली एक बंधारे, त्यांचे पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी सोडायला नेमलेल्या माणसानं द्यायचं, शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही. शेकडो वर्षं लोकांनी हे आपसात चालवलं. काही ठिकाणी आजही चालतं, बऱ्याच ठिकाणी मोडलं. आजोबांच्या तोंडून हे सगळं ऐकलेलं असल्यामुळे काल पाण्याच्या पाळीवरून झालेली तक्रार वाचताना मला अडलं नाही.

तर ठरलं ते असं. खानदेश-बागलाणातल्या पाण्याचे मोडी कागद, एवढाच माझा विषय. महजर (सभेपुढे झालेले लेखी निर्णय), निवाडे, बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे हिशेब, जे मिळेल ते. पन्नाशीला पोचेन तेव्हा पांझरा, मोसम आणि आरम या तीन नद्यांचे कागद लिप्यंतर होऊन, टिपांसकट छापलेले असावेत. पाणीवाटपाचं काम करणाऱ्या अभियंत्यानं आणि गावातल्या पाटकऱ्यानं, दोघांनीही ते उघडून वाचावेत. सगळीकडचं थोडं थोडं वाचत राहिले तर हे होणार नाही, याची मला खात्री आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आणि त्यातला संग्रह घरापासून एका एसटीच्या अंतरावर आहे. सुरुवातीला दुसरीकडे कशाला जायचं?

पुण्याहून वर्षभराच्या पूर्णवेळ कामाचं विचारणं आलंय. पगार बरा आहे. उद्या फोन करून सांगेन की महिन्यातले पंधरा दिवस जमेल, तेही इथूनच. नाही म्हणाले तर नोंदींचं काम आहेच तोवर. उरलेले पंधरा दिवस धुळ्याला, याद्या तपासायला.