दुसऱ्यांदा नीट दिली, पण अडकले ते नॉन-क्रिमिलेयरमध्ये

अभ्यास कसा करावा यावर मी इथे लिहिणार नाही, ते सांगणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय कागदांबद्दल. वर्षभर घासून मिळवलेली रँक एका दाखल्यापायी हातची जायची वेळ आली होती आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

2024 ला पहिल्यांदा नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली. मार्क वाईट नव्हते, पण त्या वर्षी कटऑफ इतका चढला की शेवटच्या राउंडपर्यंत सरकारी कॉलेजला नाव लागलं नाही. एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा तयारी केली. 2025 चा पेपर वेगळाच निघाला. पर्यायी प्रश्न काढून टाकलेले, 180 प्रश्नांना 180 मिनिटं, आणि फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलं. 14 जूनला निकाल लागला तेव्हा माझे मार्क आदल्या वर्षीपेक्षा कमी होते. घरात कुणी काही बोलेना. मग रँक बघितली, तर ती कितीतरी वर! देशात पहिल्या आलेल्याचेच 720 पैकी 686 होते. म्हणून रिपीटर मुलांनो, दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून खचू नका. रँक बघा.

आता मूळ गोष्ट. आम्ही ओबीसी. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता एकदा मिळाली की मिळाली, ती मला अकरावीतच मिळाली होती. नॉन-क्रिमिलेयरचं, म्हणजे आपण ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही या दाखल्याचं, तसं नसतं. त्यावर मुदत असते आणि ती 31 मार्चला संपते. माझा दाखला एका वर्षाचा होता, म्हणजे पहिल्या वेळी चाललेला दाखला दुसऱ्या वेळी बाद. पहिल्यांदा प्रवेश घेणाऱ्याला हे जाणवतही नाही. रिपीटरला मात्र तो पुन्हा काढावा लागतो. 4 मे ला परीक्षा झाली आणि लगेच आम्ही सेतू केंद्रातून नव्या दाखल्यासाठी अर्ज टाकला. आदल्या वर्षी विनातक्रार मिळालेला दाखला, त्यामुळे कुणालाच काळजी नव्हती.

अर्ज नामंजूर होऊन आला. शेरा: वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा जास्त.

माझे बाबा कृषी खात्यात, आई सरकारी दवाखान्यात नर्स. दोघंही गट क, म्हणजे अधिकारी वर्गाच्या खालचे कर्मचारी. दोघांचे पगार मिळवले तर 8 लाखांच्या वर जातात हे खरं आहे. पण नॉन-क्रिमिलेयर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. नोकरदारांच्या बाबतीत आईवडील कोणत्या गटात आहेत ते बघतात, आणि 8 लाखांची मर्यादा लागते ती बाकीच्या उत्पन्नाला, तीही सलग 3 वर्षं ओलांडली तर. पगार आणि शेती वगळण्याचा हा नियम 1993 पासून आहे. तो रोज हेच दाखले काढणाऱ्या टेबलावर माहीत नसावा?

बाबा प्रांत ऑफिसला गेले. टेबलावरचे म्हणाले, "साहेब, दोघांचे पगार बघा की. तुम्हाला कसं बसेल?" बाबांनी आदल्या वर्षीचा दाखला दाखवला. "तो आधीच्या माणसाने दिला, मी नाही दिला." मग सुरू झालं उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत, साइट बंद आहे. आई ड्यूटी बदलून जायची आणि तासन्‌तास बाकावर बसून परत यायची. इकडे राज्याच्या कॅप राउंडचं, म्हणजे सामायिक प्रवेश फेरीचं, रजिस्ट्रेशन आलं. पडताळणीला हा दाखला नसला तर मला ओपनमध्ये धरणार होते. त्या रात्री मी अभ्यासासाठीही कधी जागले नव्हते तशी जागले.

हा घोळ होतो कुठे ते मला नंतर कळलं. ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही 8 लाखांचीच मर्यादा आहे, पण तिथे पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. आकडा तोच आणि नियम वेगळा. तुमच्या टेबलावरच्या माणसाने दोन्ही एकत्र केले असतील तर नुसता वाद घालून काही होत नाही.

आमचं काम झालं ते कागदाने. बाबांनी आपल्या आणि आईच्या ऑफिसातून पद आणि गट लिहिलेलं पत्र आणलं. नियमाची प्रत काढून त्यातल्या पगार वगळण्याच्या ओळीखाली रेघ मारली. मग एक अर्ज लिहिला: दाखला कोणत्या नियमाने नाकारला ते लेखी द्यावं, नाहीतर लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करू. 2015 च्या या कायद्यात नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं आणि सेवा विनाकारण अडवली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अर्ज आवक-जावकला देऊन त्याची पोच घेतली. पोच महत्त्वाची, ती नसेल तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा.

एवढे दिवस न हलणारी फाइल त्यानंतर आतल्या अव्वल कारकून मॅडमकडे गेली. त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाल्या, "हे तर बसतंय. कुणी अडवलं?" संध्याकाळपर्यंत सही झाली. आईने दाखला हातात घेतला आणि तिथेच रडली. मला आनंद झाला, पण ज्यांच्या घरी नियम शोधून अर्ज लिहिणारं कुणी नाही, त्या मुलींचं काय होत असेल हेच डोक्यात होतं.

आठवेल तसं आणखी सांगते. नवा दाखला एप्रिलमध्येच टाका, परीक्षेची वाट बघू नका. 3 वर्षांचे उत्पन्नाचे कागद जोडले तर 3 वर्षांचा दाखला मिळू शकतो, तसा मागा. 15 टक्के ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज आहे, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना तेही बघून घ्या. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, कुणी स्टॅम्प पेपर आणायला पाठवलं तर ठामपणे नाही म्हणा.

आणि गॅपचं शपथपत्र! ड्रॉपच्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं लिहिलेलं. ते कॉलेजमध्ये हजर होताना मागतात, आधीच करून ठेवा. मूळ कागद कॉलेज जमा करून घेतं, म्हणून जाण्यापूर्वी सगळ्याचं स्कॅनिंग करून साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच घरी ठेवा. नॉन-क्रिमिलेयरचे जरा जास्तच.