पिकअपमधली एटीव्ही आणि बैलवाले मामा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या अलिबागजवळच्या नागावात दोन कामं एकदम निघतात. पडवीला पावसाळी झापं लावायची आणि एटीव्ही, म्हणजे पाहुण्यांना वाळूवर फिरवायच्या चार जाड चाकांच्या फटफट्या, पुण्याला धाडायच्या. पाऊस लागला की किनाऱ्यावरच्या राईड बंद, आणि तोवर आठ महिने वाळू नि खारं पाणी खाऊन गाड्यांची बेअरिंगं रडायला लागलेली असतात. आमच्याकडे दोन एटीव्ही आहेत. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे पाहुण्यांच्या खोल्यांपासून गाड्यांच्या ग्रीसपर्यंत सगळा कारभार माझ्याकडे. या गाड्यांना नंबरप्लेट नाही, रस्त्यावर चालवता येत नाहीत. पुण्याच्या मेकॅनिककडे न्यायच्या तर एकेक करून पिकअपच्या हौद्यातूनच.

पिकअप गावातल्याच मामांची. मामा म्हणजे माझे कोणी नव्हेत, सगळ्या गावाचे मामा. आंब्याच्या पेट्या आणि शर्यतीचे बैल, हा त्यांचा धंदा. पहिल्या वर्षी त्यांनी आमची गाडी बांधली ती पेट्या बांधतात तशीच. सीटवरून एक नायलॉनचा दोर, पुढच्या कॅरिअरवरून एक, मागच्यावरून एक, सगळे हौद्याच्या कड्यांना करकचून. दोर बोटाने वाजवला तर तंबोऱ्यासारखा वाजत होता. मी हँडब्रेकची कडी अडकवली, गिअर टाकून ठेवला आणि निश्चिंत मनाने मामांच्या शेजारी बसले.

खोपोली सोडून जुन्या रस्त्याने बोरघाट चढायला लागलो आणि दुसऱ्या वळणावर मागून धप्प आवाज आला. गाडी मागे सरकून फाळक्यावर आदळली होती. मामांनी ब्रेक मारला, तशी तीच गाडी पुढे आली आणि केबिनच्या मागच्या जाळीवर ठो. काच गेली. माझ्या मानेवर काचेचे कण, आणि मागे तीनशे किलोचं धूड पाळण्यासारखं पुढे-मागे. मामांनी शिंग्रोबाच्या देवळापाशी कशीबशी पिकअप बाजूला घेतली, चाकाला दगडाची उटी लावली आणि खाली उतरून आधी देवाला हात जोडले. मग हौद्यात डोकावून म्हणाले, "वैनी, बैल वळणावर सोताचे पाय रोवतो. ह्ये मेलं नुसतं उड्या मारतं."

त्या वाक्यात सगळं होतं, पण ते उलगडायला मला एक वर्ष लागलं.

आंब्याची पेटी लाकडाची किंवा पुठ्ठ्याची. दोर आवळला की ती तेवढीच राहते. एटीव्ही चार स्प्रिंगांवर उभी असते, आणि त्या स्प्रिंगा चार फुग्यांवर. फुगे म्हणते कारण या टायरांत हवा असते जेमतेम पाच पीएसआय. तुमच्या मोटारीत तीस-बत्तीस असते, त्यावरून हिशेब करा. रस्त्यावर खड्डा आला की गाडी खाली दबते. दबली की दोर ढिला पडतो, आणि सीटवरून किंवा कॅरिअरवरून घेतलेला दोर ढिला पडला की बाजूला घसरतो. त्यात नायलॉन ताणला की लांबतो. दहा खड्ड्यांनंतर तंबोऱ्याची तार राहत नाही, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होते. वडखळच्या पुढे खड्डे किती असतात ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

दुसरी चूक माझीच. गिअरमध्ये टाकली की गाडी थांबते हे आपल्या डोक्यात मोटारीवरून बसलेलं असतं. आमच्या एटीव्हीला आपोआप चालणारा क्लच आहे, तो इंजिन फिरलं तरच पकडतो. इंजिन बंद, म्हणजे क्लच सुटलेला. मग गिअर टाका की काढा, चाकं मोकळीच. काही मोठ्या गाड्यांना पार्किंगचा वेगळा खटका असतो, तो मात्र खरोखर अडवतो, आमच्यांना नाही. आणि हँडलची ब्रेकची कडी? ती तेलाचा दाब धरून ठेवते. हिसके बसत राहिले की तो दाब उतरतो. म्हणजे त्या दिवशी घाटात आमच्या गाडीला अडवणारं काहीच नव्हतं. शिंग्रोबा सोडून.

माझा भाचा अमेरिकेत, मिशिगनला असतो. तिकडे लोक सुट्टीला एटीव्ही ट्रेलरवर टाकून जंगलात जातात. काच फुटल्याचा फोटो पाठवला तर त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि तासभर माझी शाळा घेतली. तिकडच्या ट्रकमालाच्या नियमात एक आकडा आहे: जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या 0.8 पट ओढ पुढे जाते असं धरून बांधायचं. बाजूला आणि मागे 0.5 पट. आमची गाडी 300 किलोची धरली तर पुढे 240 किलोची ओढ, आणि ती सोसायची मागच्या दोन पट्ट्यांनी. पेट्यांच्या दोराने नव्हे.

मग अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानातून रॅचेटचे, म्हणजे खटक्याच्या दांडीने आवळायचे, चार पट्टे आणले. घेताना एक गोष्ट बघा. पाकिटावर मोठ्या अक्षरात 1500 किलो लिहिलेलं होतं, ते पट्टा तुटण्याचं वजन. वापरायचं वजन पट्ट्यावर शिवलेल्या छोट्या लेबलवर असतं, माझ्या पट्ट्यांवर 500. साधा एक तृतीयांशचा हिशेब. ज्या पट्ट्याला लेबलच नाही तो दुकानदाराला परत द्यायचा, कितीही स्वस्त असला तरी.

चढवण्याच्या बाबतीत मात्र मामांना तोड नाही. लोक फळ्या लावून, एक्सलरेटर पिळून गाडी वर फेकतात. फळी उभी असेल तर एटीव्हीचं तोंड वर होतं आणि ती चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते, नाहीतर मागच्या चाकाच्या लाथेने फळीच मागे सटकते. मामा पिकअप उलटी नेऊन वाडीच्या बांधाला टेकवतात, बैलांना चढवतात तशी. फाळका पाडला की तो बांधाच्या मातीला लागतो. मधल्या वीतभर फटीवर फणसाची जाड फळी, तीसुद्धा कडीला बांधलेली. पिकअपला उटी. मग गाडी ढकलतच आत जाते, एक्सलरेटरला हात लावावा लागत नाही.

बांधायचं काम माझं. गाडीचं नाक केबिनच्या बाजूला, पुढची चाकं हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकलेली. पेट्रोलची चावी बंद, नाहीतर हिसक्यांनी कार्बोरेटर भरून वाहतो आणि पुण्यापर्यंत वास. ब्रेकची कडी लावते, पण तिच्या भरवशावर नाही. चारही चाकांना लाकडी उट्या. मग पट्टे. सीट, हँडल, कॅरिअर, प्लास्टिक, यांपैकी कशालाही नाही. पुढे दोन्ही बाजूंना चाक धरणारा जो खालचा आर्म असतो, त्याला चाकाच्या जवळ. मागेही तसंच, खालच्या आर्मला. पुढचे दोन पुढे ओढणारे, मागचे दोन मागे. पट्टे खूप उभे नकोत, खूप आडवे नकोत. साधारण पंचेचाळीस अंश. आर्मला पट्टा घालताना बोटं आत घालून चाचपायची. तिथेच ब्रेकचा पाईप असतो आणि एक्सलचा रबरी बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस धरणारं आवरण. मागच्या वर्षी माझा पट्टा बुटावर बसला आणि बूट फाटला. ग्रीस बाहेर, वाळू आत.

आर्मला धरलं म्हणजे बांधलं गेलं ते चाक. वरचं धड स्प्रिंगवर डुलतं ते डुलू दे. भाच्याकडे काही जण टायरवरूनच पट्टे टाकतात, त्यातही हाच विचार. दुसरी पद्धत चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून गाडी खाली ओढायची, स्प्रिंगा तिसरा हिस्सा ते निम्म्या दबेपर्यंत, म्हणजे डुलायला जागाच उरत नाही. दोन्ही चालतात. मी पहिली वापरते, कारण चेसिस खाली ओढण्याइतका जोर रॅचेटवर लावायला माझे दंड पुरत नाहीत.

रॅचेट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा अर्धा तास शिव्या घातल्या. पट्टा मधल्या दांड्याच्या खाचेतून घालून आधी हाताने सगळा ढिलेपणा ओढून घ्यायचा, मगच दांडी हलवायची. तसं केलं नाही तर पट्ट्याचा गठ्ठा गोळा होऊन खटका अडकतो. दोन-तीन वेढे पुरे. सोडताना खटका दाबून दांडी पूर्ण उताणी करायची, पुस्तक सपाट उघडून टेबलावर ठेवतात तशी. आणि पट्टा ओढून घ्यायच्या आधी त्याला एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यावर भुर्रर्र करत थरथरतो, थरथरून हूक ढिले करतो आणि कडीच्या कोपऱ्यावर घासून झिजतो. एक पीळ दिला की गप्प. मामा हे पाहून खूप हसले होते. म्हणे, वेणी घालता काय पट्ट्याची.

पहिला थांबा कार्लेखिंडीत. तोवर गाडी हलून-हलून आपल्या जागी बसलेली असते आणि चारातले दोन पट्टे हमखास अर्धा-एक वेढा मागतात. मामा तेवढ्यात पांढऱ्या कांद्याची माळ घेतात. दुसरा थांबा वडखळच्या पुढे, तिसरा खोपोलीत घाट लागायच्या आधी. पट्ट्यावर अंगठा दाबून बघायचा, हूक बघायचे, निघायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण चहा होतो त्यामुळे वीस लागतात.

यंदा शिंग्रोबापाशी मामांनी नेहमीसारखं नाणं टाकलं आणि गाडी न थांबवता वर गेले. मागून आवाज नाही. मी तीनदा मागे वळून बघितलं, तर म्हणाले, "मान मोडंल वैनी."

परतीच्या फेरीनंतर दोन पट्टे त्यांच्याकडेच राहिले. मागायचे मागायचे म्हणताना दिवस गेले. परवा सकाळी बाजारात जाताना त्यांची पिकअप दिसली, हौद्यात कोणाचा तरी फ्रीज उभा. फ्रीजला माझे दोन्ही पट्टे, आणि दोन्हींना एकेक पीळ.