काम केलं की कमी होणारी कंबरदुखी

धाकट्याच्या सिझेरियननंतर साधारण वर्षभराने माझी कंबर धरली. वय 29. कारण शोधायला कुणालाच वेळ लागला नाही. "मणक्यात भुलीचं इंजेक्शन घेतलंस ना, त्याचंच हे," आई म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या काकूही म्हणाल्या. मीही तेच धरून बसले.

मग निर्गुंडीचं तेल झालं, विटेचा शेक झाला, पट्टा झाला. गल्लीतल्या एका पायाळू मुलाचा पायसुद्धा कमरेला लावून घेतला. कऱ्हाडातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून "मणक्यात जरा गॅप आहे" म्हटलं आणि तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं.

ते तीन आठवडे आठवले तरी अंगावर काटा येतो. पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची. कूस बदलायची तर पलंगाची कड धरून एकेक अवयव वळवावा लागे. सकाळी भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचे. दुखणं खरं तर कमरेच्याही खाली, कुल्ल्यात खोलवर असायचं. काही दिवस डावीकडे, मग उजवीकडे. दहा वाजेतो अंग कुठं सैल व्हायचं. विश्रांती जितकी जास्त, तितकी मी जास्त आखडत होते.

त्याच वर्षी दिवाळीत घर झाडलं, दिवसभर उभी राहून चकल्या, करंज्या केल्या. कंबर हलकी होती. भाऊबीजेनंतर दोन दिवस बसून काढले आणि पुन्हा उठता येईना. नणंदबाई आल्या होत्या. "फराळाच्या वेळी तर बरी होतीस की," एवढंच म्हणाल्या. सासूबाई गप्प राहिल्या. ते वाक्य माझ्या मनात असं रुतलं की मला स्वतःचाच संशय यायला लागला. पुढे ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांच्यापासून मी ही गोष्ट लपवली. काम केल्यावर बरं वाटतं असं सांगितलं, तर तेही मला नाटकी समजतील, ही भीती. दोन वर्षं ट्रॅक्शन, कॅल्शियम आणि नसांच्या गोळ्या घेण्यात गेली. दुखणं वाढतच होतं.

मग एके दिवशी डावा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून मेडिकलमधून थेंब आणून दोन दिवस घातले. (हे करू नका. डोळा दुखून लाल झाला आणि उजेड खुपायला लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.) शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी तपासलं, डोळ्याच्या आत सूज आहे म्हणाल्या, आयरायटिस. औषध लिहिता लिहिता विचारलं, "कंबर दुखते का हो? सकाळी जास्त? चालल्या-फिरल्यावर बरं वाटतं?"

मी तिथंच रडले.

त्यांनी पुण्याला संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. एसटीतून स्वारगेटला उतरले तेव्हा मला सरळ उभं राहता येत नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. सकाळी किती मिनिटं आखडलेलं असतं, रात्री कितीला जाग येते. पाठीवर 10 सेंटिमीटर अंतराने दोन खुणा केल्या आणि पुढं वाकायला सांगितलं. निरोगी पाठीत ते अंतर 15 च्या आसपास जातं. माझं 12 वर अडलं. एमआरआय काढला तो माकडहाडाच्या वर, जिथं पाठीचा कणा कमरेच्या हाडांना जोडलेला असतो त्या सांध्यांचा. तिथं सूज होती. साध्या एक्स-रेत तिच्या खुणा दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. एचएलए-बी27 ही अशा दुखण्याशी जोडलेल्या जनुकाची रक्ततपासणीही पॉझिटिव्ह आली, पण नुसत्या तिच्यावर निदान होत नाही, अनेकांना ती पॉझिटिव्ह असूनही काही होत नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

आजाराचं नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. भुलीच्या इंजेक्शनाचा काही संबंध नाही. हालचालीने बरं वाटणं आणि विश्रांतीने वाढणं ही या दुखण्याची ओळखच आहे. दोन वर्षं जे लाजून लपवलं, तेच सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

सध्या सूज कमी करणारी गोळी जेवणानंतर आणि दर काही महिन्यांनी किडनी, लिव्हरची तपासणी. गरज पडली तर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही. व्यायाम मात्र रोज 40 मिनिटं, सतरंजीवर. त्या वेळी धाकट्याला सासूबाई धरून बसतात. पूर्वी सकाळचे तीन तास आखडलेले जायचे, आता वीसेक मिनिटं. वाईट दिवस अजूनही येतात.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणी वाकून चालतं?" मला मामा आठवला. चाळिशीतच तो पुढं वाकला. मागं बघायचं तर सगळं अंग वळवतो. भारे वाहून कंबर गेली, असंच गाव म्हणतं. घरी आल्यावर त्याला फोन केला. म्हणाला, "सकाळी उठता यायचं न्हाई बघ. हिरीत पवून आलो की दिवस बरा जायचा. मग गार पाणी बाधतंय म्हणून समद्यांनी सोडाय लावलं."

मामेभाऊ 24 वर्षांचा आहे. त्याचीही कंबर सकाळीच धरते. पुढच्या तारखेला त्याला माझ्यासोबत पुण्याला नेणार आहे.