पहाटे दहा अंश, सेन्सर म्हणतो एक्केचाळीस

माझी गाडी २०११ची, पेट्रोलवरची साधी हॅचबॅक. तिची तक्रार फक्त हिवाळ्यात, आणि हिवाळ्यातही फक्त पहाटे. सेल्फ दणकून फिरायचा, पण गाडी उचलायची नाही. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की कशीबशी पेटायची, मिसिंग मारत गल्लीच्या बाहेर पडायची आणि ओझर येईपर्यंत शहाण्यासारखी पळायला लागायची. संध्याकाळी सातपूरच्या कारखान्यातून निघताना किल्ली फिरवायचा अवकाश, चालू! मार्च लागला की दुखणं आपोआप बरं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, चालतेय ना? मग हात कशाला लावायचा?"

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा छापून येतो, तोच हा भाग. पारा फारच उतरला की द्राक्षवाले पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. अशा हवेत कारखान्यात माझी सकाळची पहिली पाळी असली की गाडीचं हे नाटक परवडत नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बॅटरी बदला, प्लग बदला, पेट्रोल पंपाची मोटर गेली असेल. बॅटरीचा प्रश्नच नव्हता, कारण सेल्फ जोरात फिरत होता. प्लग काढून बघितले तर कोरडे. इतका वेळ सेल्फ मारूनही प्लग ओला होत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. माझे सासरे, अण्णा, म्हणाले, "ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाब आणि मग किल्ली फिरव." त्यांचा हात कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर बसलेला. तिथे पेडल दाबलं की खरोखरच पेट्रोलची पिचकारी आत जायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. उलट बऱ्याच गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारला तर ईसीयू समजतो की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि तो इंजेक्टर बंदच ठेवतो. अण्णांना हे सांगितलं. पटलं नाही.

आता ईसीयू ठरवतो कशावरून? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटून राहतं. म्हणून गार सुरुवातीला पेट्रोल बरंच जास्त सोडावं लागतं, आणि किती जास्त ते मुख्यतः कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानावर ठरतं. ते तापमान सांगणारा सेन्सर थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) घरापाशी बसवलेला असतो. दोन वायरी, पितळी बूड, आत थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा तुकडा. कारखान्यात माझा दिवस तापमानाचे सेन्सर तपासण्यातच जातो. फरक एवढाच, की आमच्याकडचा पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर, तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो: शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. गाडीतल्या थर्मिस्टरचा तापला की कमी होतो, आणि तोही सरळ रेषेत नाही. माझ्या गाडीत आहे त्या जातीचा २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना सव्वातीनशेवर येतो.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता. मेकॅनिकने स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही नाही. "सेन्सर सगळे ओके," म्हणाला. इथेच माझं आणि त्याचं पटेना. ईसीयू त्या सेन्सरला एका रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट देतो आणि मध्ये किती व्होल्ट राहतात ते बघतो. वायर तुटली तर जवळपास ५ दिसतात, शॉर्ट झाली तर जवळपास शून्य. तसं झालं की पी०११८ किंवा पी०११७ कोड येतो. पण सेन्सर मधलाच कुठला तरी आकडा सांगत असेल, आणि तो आकडा चुकीचा असेल, तर या वयाची गाडी बहुधा निमूटपणे मान्य करते. बऱ्याच नव्या गाड्यांचा ईसीयू रात्रभर उभ्या गाडीत वेगवेगळे सेन्सर एकमेकांशी ताडून बघतो. माझी त्या पिढीतली नाही.

ती ताडणी हाताने करता येते, आणि तिला पैसा लागत नाही. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहाटे सगळीकडून सारखीच गार असते. तेव्हा सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन करायची आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान नि कूलंटचं तापमान शेजारी शेजारी वाचायचं. ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारा ईएलएम ३२७वाला ब्लूटूथ डोंगल लावला, मोबाईलवर जोडायला जरा रुसला, पण जोडला गेला. हवा: १० अंश. कूलंट: ४१ अंश.

म्हणजे ईसीयूच्या लेखी इंजिन आधीच कोमट होतं आणि तो तेवढंच पेट्रोल सोडत होता.

लगेच सेन्सर आणायला पळाले नाही. चुकीचा आकडा वायरिंगमुळेही येऊ शकतो. सेन्सरचा कनेक्टर काढला: मोबाईलवर उणे ४०, आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला. सेन्सर सापडला नाही की इंजिन तापू नये म्हणून ईसीयू पंखा लावून ठेवतो, बऱ्याच गाड्यांत असंच असतं. मग कनेक्टरच्या दोन टोकांत २,५०० ओहमचा रेझिस्टन्स घातला, तर आकडा २०च्या जवळ आला. वायरिंग ठीक, ईसीयू ठीक. कनेक्टरच्या आत मात्र पांढरट-हिरवा खार साचला होता. क्लीनर मारून, वाळवून परत जोडला. फरक शून्य.

सेन्सर काढला आणि स्वयंपाकघरात आणला. गॅसवर जुना टोप, त्यात फ्रिजचं पाणी, थर्मामीटर, मल्टिमीटर. सेन्सरचं फक्त पितळी टोक पाण्यात, कनेक्टरकडची बाजू वर. आधी दहा अंशांना मोजलं: ११५० ओहम. असायला हवे होते ३,८००च्या आसपास. मग आच लावली आणि पाणी ढवळत राहिले. तीस अंशांना साडेआठशेच्या आत, हवे होते सतराशे. पण ८० अंशांना २७०, हवे होते ३२०. गरम होत गेला तसतसा खऱ्याच्या जवळ येत गेला.

हे कोडं मला भारी आवडलं. चांगल्या थर्मिस्टरच्या शेजारी, समांतर, सोळाशे-सतराशे ओहमची एक चोरवाट आहे असं धरून गणित मांडलं, तर तिन्ही आकडे जुळतात. कूलंट झिरपून बॉडीच्या आत क्षार साचला असणार, त्यातून करंट गळतोय. थंडीत थर्मिस्टर हजारो ओहमचा असतो, तेव्हा करंट चोरवाटेनेच जास्त जातो आणि वाचन पार बिघडतं. गरम झाल्यावर थर्मिस्टर स्वतःच तीनशेवर येतो, मग चोरवाट असली काय नि नसली काय. म्हणून डॅशबोर्डचा काटा कायम मध्यावर, हायवेला गाडी गुणी, आणि मार्चनंतर तक्रार नाही: उन्हाळ्याच्या पहाटे जादा पेट्रोल मुळातच कमी लागतं. हीच गाडी मुंबईत असती तर हा बिघाड कदाचित कधी कळलाच नसता. उलटा बिघाड, म्हणजे सेन्सर इंजिन कायम गार सांगतोय, तर मात्र कुठल्याही गावात कळतो: मायलेज पडतं, प्लग काळे होतात, पीयूसीला गाडी नापास होते.

बदलणं फार सोपं. इंजिन पूर्ण गार हवं, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं म्हणजे तोंड भाजून घ्यायचं. खाली ट्रे ठेवून थोडं कूलंट काढून घेतलं. ट्रे झाकून ठेवा, गल्लीतली कुत्री चाटतात, चवीला गोड लागतं, आणि ते विष आहे. माझ्या गाडीत १९ नंबरचा सॉकेट बसला. नवीन वॉशर घालून आवळलं, पण बेताने, कारण ज्यात तो बसतो ते घर ॲल्युमिनियमचं. भर घालताना तयार कूलंट वापरलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या पातेल्यालासुद्धा थर धरतं. मग हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे आतली हवा निघून जाते.

एक राहिलं. पार्टच्या दुकानात दोन सेन्सर मिळाले, एक स्वस्त, एक जवळपास दुप्पट. दोन्ही आणले, दोन्ही टोपात टाकले. स्वस्तातला सगळीकडे रेझिस्टन्स ठरावीक टक्क्यांनी कमी दाखवत होता. खोट नव्हती, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा असावा, चुड्या (आटे) तेवढ्या सारख्या. तो परत केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आजवर कोणी असा परत आणला नाही." मी त्याला कागदावर लिहिलेले आकडे दाखवले, त्याने त्याचा फोटो काढून घेतला.

मेकॅनिकलाही सांगितलं. त्याच्याकडे एक व्हॅन पडून आहे, सकाळी काळा धूर आणि पेट्रोलचा वास, दोनदा इंजेक्टर साफ करून झाले. "ताई, रविवारी तुमचा तो मीटर घेऊन याल का? टोप माझा."