आठवा हंगाम संपला आणि चंद्रभागेचं वजन सापडलं

नवव्या हंगामासाठी वजनांचा तक्ता नव्याने करायला घेतला आणि एक घोटाळा हाती लागला. म्हणून हा अहवाल उशिरा येतोय, आणि जरा लाजतच लिहितोय.

नव्या मंडळींसाठी एका दमात सांगतो. सांगलीत, गावभागातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर 2018 पासून एक रेसकोर्स चालू आहे. सोळा घोडे, दोन फासे, एक दोनशे पानी वही आणि हिशेबाला एक्सेलची फाइल. दर फर्लांगाला (मैलाचा आठवा भाग) दोन्ही फासे टाकायचे, चार गुणांची एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याची लांबी. हंगाम पुण्याच्या रेसकोर्ससारखा पावसाळी, कारण जमीन किती ओली हे मी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीवरून ठरवतो. 20 फुटांच्या आत कोरडी, त्यावर मऊ, 40 ची इशारा पातळी ओलांडली की चिखल. 45 च्या धोका पातळीला रेस रद्द, कारण तेव्हा फासे टाकायला कुणाला वेळ असतो? सामान माळ्यावर चढवायचं असतं.

पहिल्या हंगामाची वही त्यातच गेली. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, आम्ही फ्रिज वाचवला, गॅसची शेगडी वाचवली, वही राहिली टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. त्यामुळे आमचा पहिला थोर घोडा हळद्या आज फक्त दोन पानांच्या फोटोंत शिल्लक आहे. बारा शर्यती, नऊ विजय एवढं त्यात वाचता येतं. शेवटच्या ओळीत ‘ह. नाकाने’ असं दिसतं, पुढचं बोटाखाली झाकलंय. तो नाकाने, म्हणजे अगदी नाकाएवढ्या फरकाने, जिंकला की हरला यावर भाचीचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. (थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत असा सोनेरी रंग दुर्मिळच, ठाऊक आहे. लीग माझी आहे.)

बेदाणाबद्दल मागे भरपूर लिहिलंय. पाच-सहा फर्लांगांत तो असताना बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी पळायचं, सातव्या फर्लांगाला त्याचा दम संपायचा, विषय संपला. कंदी पेढ्याचं मात्र सांगायलाच हवं. 41 शर्यती, विजय शून्य. त्याचे आकडे मुद्दाम वाईट ठेवलेले नाहीत, नशीबच तसलं. जपानची हारू उरारा घोडी ओळीने 113 शर्यती हरली आणि लोक तिची तिकिटं अपघात टळावा म्हणून गाडीत ठेवायचे. आमच्या घरात कंदी पेढ्याचं तेच झालंय. तो पळणार असला की स्वयंपाकघरातूनही लोक येऊन उभे राहतात.

आठव्या हंगामातली खरी सुधारणा म्हणजे ‘मूडचा फासा’. आधी कुणीही कितीही भारी असो, चार-पाच लेंग्थच्या पुढे जिंकायचाच नाही. कारण उघड आहे: दर फर्लांगाचा फासा वेगळा, त्यामुळे बारा फर्लांगांत चांगलं-वाईट एकमेकांना खाऊन टाकतं आणि सगळे सरासरीला येऊन मिळतात. खऱ्या घोड्याचं तसं नसतं. तो ज्या दिवशी पेटतो त्या दिवशी पहिल्या फर्लांगापासून शेवटपर्यंत पेटलेलाच असतो. अमेरिकेतल्या 1973 च्या बेलमाँट शर्यतीत सेक्रेटेरिएट हा घोडा 31 लेंग्थनी जिंकला, दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदांत. माझ्या जुन्या फाशांनी तसं जन्मात घडलं नसतं. म्हणून आता गेटवर प्रत्येक घोड्यासाठी एक फासा आधी टाकतो. एक पडला तर दर फर्लांगाला एक गुण वजा, सहा पडले तर एक जास्त. सहाला पुन्हा टाकायचा, परत सहा आले तर दोन जास्त, आणि असंच पुढे. त्याच हंगामात एकदा ओळीने तीन सहा पडले. बारा फर्लांगांत तिथेच 36 गुण, म्हणजे नऊ लेंग्थ; बाकी फाशांनीही साथ दिली आणि घोडी 14 लेंग्थनी आली. घोडी अर्थातच चंद्रभागा.

आता घोटाळा. आमच्याकडे विजयाला एक किलो वजन चढतं, ओळीने तीन पराभवांना एक उतरतं. चढलेल्या वजनाने घोडा मागे पडतो: दीड किलोला एक लेंग्थ असा मैलाच्या शर्यतीचा ढोबळ हिशेब. पाचव्या हंगामापासून चंद्रभागा 14 शर्यती पळाली, 11 जिंकली. लीगची सर्वांत मोठी घोडी म्हणून तिचं चित्र भाचीने फ्रिजवर लावलं. परवा तक्ता उघडला तर तिच्या नावापुढे वजनाचा दंड शून्य. वजनाच्या यादीत तिच्या नावामागे एक मोकळी जागा पडलेली. डोळ्यांना दोन्ही ‘चंद्रभागा’ सारख्याच, एक्सेलला वेगळ्या. सूत्राला नाव सापडलं नाही आणि मीच लिहून ठेवलेलं, सापडलं नाही तर शून्य धर. बाकीचे पाच-सहा किलो घेऊन धापा टाकत होते, आणि ही जत्रेला आल्यासारखी मोकळी.

फासे वहीत होतेच, सगळ्या 14 शर्यती हाताने पुन्हा मांडल्या. 11 विजयांचे पाच उरले. गेलेल्या सहांपैकी चार लंगोटीयार या घोड्याचे निघाले. हा बिचारा गेल्या दिवाळीत निवृत्त झाला, ‘कायमचा दुसरा’ अशी थट्टा सोसून.

शेजारचे आण्णा मूळचे पुसेगावकडचे, जन्म बैलगाडी शर्यतींत गेलेला. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर 2021 ला परवानगी मिळेपर्यंत. त्या उपासमारीत ते माझ्या फाशांकडे वळले आणि इथेच रमले. त्यांना विचारलं, तर पान लावता लावता म्हणाले, “झेंडा पडला की निकाल झाला. वज्यानं पळली न्हाई ह्यात घोडीचा काय दोष? दोष मुनिमाचा.”

“आणि लंगोटीयारचं काय, आण्णा?” भाचीने फ्रिजकडे बघत विचारलं.

आण्णा चुना मळत राहिले. “त्याला बी एक फोटू लाव की.”

तेवढ्यावर ठरलं. वहीतले निकाल तसेच राहतील, चंद्रभागेच्या 11 समोर लाल शाईने ‘बिनवजनी, हिशेबाने 5’ असं येईल, आणि लंगोटीयारच्या नावापुढे हिशेबाचे चार विजय. सगळी नावं एकदा ट्रिममधून (जादा मोकळ्या जागा काढणारं एक्सेलचं सूत्र) काढली. ‘सापडलं नाही तर शून्य’ काढून आता ठळक अक्षरांत ‘वजन कुठाय?’ येतं. तुमच्यापैकी जे फाइलवर लीग चालवतात त्यांनी आजच तपासा, मोकळी जागा दिसत नसते.

14 लेंग्थचा विक्रम मात्र खोडावा लागला नाही. पूर्ण वजन चढवूनही ती त्या दिवशी दहा लेंग्थनी पुढे येते. तीन सहा शेवटी तीन सहाच.

नवव्या हंगामाची पहिली शर्यत काल संध्याकाळी झाली. आठ फर्लांग, जमीन मऊ, आठ घोडे, चंद्रभागेवर पहिल्यांदाच पूर्ण वजन, 55 किलो. पाचव्या फर्लांगापर्यंत ती दोन लेंग्थ पुढे होती. सहाव्याला दोन फाशांवर तीन. तिसरी आली, पाऊण लेंग्थने मागे. कंदी पेढा सातवा. भाचीने फाइल उघडून दोनदा बघितलं, वजन बरोबर होतं.