पहिल्या वर्गाचं क्वारंटाईन

कॅनडातल्या क्युबेक शहरापासून नदीच्या प्रवाहाबरोबर साधारण ४८ किलोमीटर खाली गेलं की सेंट लॉरेन्सच्या पात्रात ग्रोस-ईल नावाचं बेट लागतं. युरोपात कॉलरा पसरला होता, तो जहाजांतून इकडं येईल या धास्तीनं १८३२ साली इथं क्वारंटाईन ठाणं उभं राहिलं. कॉलरा त्याच वर्षी क्युबेकमध्ये पोचला, ते सोडा. ठाणं मात्र १९३७ पर्यंत चाललं. आईबाबा बेळगावहून आलेत, त्यांना घेऊन गेलो. "लोक नायगरा दाखवतात, आणि हा आम्हाला माणसं मेलेली जागा दाखवतोय," असं आईचं बोटीत बसेपर्यंत चालू होतं.

बोट बर्तिए-सुर-मेर या गावातून सुटते. उतरल्यावर पहिली भेट निर्जंतुकीकरणाच्या इमारतीला. प्रवाशांचं सामान जाळीच्या गाड्यांवर चढवायचं आणि गाडी रुळावरून थेट वाफेच्या लोखंडी टाकीत ढकलायची. टाकीची दारं बँकेच्या तिजोरीसारखी जाड. तोवर माणसांनी शॉवरखाली उभं राहायचं. पाणी नुसतं वरून नाही, अंगाभोवती वळवलेल्या भोकं पाडलेल्या नळ्यांतूनही. बाबा नळीला हात लावून बघत होते, गाईडनं हसत हसत अडवलं.

हॉटेलं बघून मात्र बाबा थबकले. होय, क्वारंटाईनच्या बेटावर हॉटेलं. तीन. जहाजात ज्या वर्गाचं तिकीट, त्याच वर्गाचं हॉटेल. १९१२ मध्ये पहिल्या वर्गाचं नवं बांधलं, तसं जुनं पहिल्या वर्गाचं दुसऱ्या वर्गाला दिलं. तिसऱ्या वर्गाचं १९१४ चं. "म्हणजे रोग एकच, पण खोली तिकिटाप्रमाणं होय?" बाबांनी विचारलं. मी ते गाईडला इंग्रजीत सांगितलं, तो नुसता मान हलवत राहिला.

२०२० आठवलं. माझा चुलतभाऊ तेव्हा पुण्याहून गावी यायला निघालेला. कर्नाटकच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलं, आणि महाराष्ट्रातून आलेला म्हणून सक्तीचं विलगीकरण. पैसे मोजणाऱ्याला हॉटेल, नसतील त्याला सरकारी वसतिगृह. हा वसतिगृहात गेला. एका खोलीत चौघं, संडास व्हरांड्याच्या टोकाला. त्याच्याच गाडीतून आलेला एक जण हॉटेलातून जेवणाचे फोटो पाठवत होता. भाऊ ते आजही विसरलेला नाही, आणि माझ्या मते त्यानं विसरूही नये.

१८४७ मध्ये तर हॉटेलंही नव्हती. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला आणि माणसं मिळेल त्या लाकडी जहाजात बसून निघाली. जहाजात टायफस. उवांमधून पसरणारा हा रोग, आणि दाटीवाटीत झोपलेल्या उपाशी माणसांत उवांना काय तोटा! मे संपता संपता नदीत जहाजांची रांग लागली होती. तंबू, शेड, चर्च, जिथं जागा तिथं रुग्ण. त्या वर्षी मेलेल्यांत पहिलं नाव एलन कीन या चार वर्षांच्या मुलीचं. त्या एका हंगामात पाच हजारांहून जास्त माणसं या बेटावर पुरली. दफनभूमीत आई माझ्या पुढं चालत होती, चप्पल हातात घेऊन.

तेव्हाची एक लांबट लाकडी शेड अजून उभी आहे. पुढं तिथं देवीचे रोगी ठेवत. आईला मी म्हटलं, टिळकवाडीतल्या आपल्या व्हॅक्सिन डेपोत ज्या रोगाची लस बनायची, तोच हा. तिला डेपो म्हणजे सकाळी फिरायला जायची जागा एवढंच माहीत. वासरांच्या अंगावर लस वाढवायचे, हे ऐकून तिनं तोंड वाकडं केलं.

टेकडीवर १९०९ मध्ये आयरिश लोकांनी उभारलेला उंच दगडी क्रॉस आहे. मजकूर तीन भाषांत. सीमाभागातला माणूस फलक दिसला की आधी भाषा मोजतो, तसं आम्हीही मोजलं. पण मजकूर एक नाही. परक्या राज्यकर्त्यांचे कायदे आणि माणसांनी ओढवलेला दुष्काळ, हे आयरिशमध्ये थेट लिहिलंय. इंग्रजीत फक्त श्रद्धेसाठी सोसलेली उपासमार आणि वनवास. आमच्याकडं नुसत्या अक्षरांच्या आकारावरून मोर्चे निघतात.

आईबाप गेलेली शेकडो पोरं इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांनी सांभाळली, आणि बऱ्याच जणांचं आयरिश आडनाव तसंच राहू दिलं. म्हणून क्युबेकमध्ये आडनावानं आयरिश आणि बोलण्यानं पक्की फ्रेंच माणसं भेटतात. चिकोडी-अथणीकडं घरात कन्नड बोलणारे कितीतरी पाटील-देसाई आहेत, त्यामुळं आईबाबांना यात नवल काहीच वाटलं नाही.

कुणी इकडं येणार असाल तर उन्हाळ्यातच या, थंडीत बेट बंद असतं. जुलैतसुद्धा स्वेटर घ्या, नदीवरचा वारा बोचतो. डबाही घरून न्या. आमच्या दशम्या-चटणीवर गाईडनंही हात मारला.