जर्मनीत उतरल्यावर व्हिसा विसरा, आधी घरमालकाचा दाखला मिळवा

जर्मनीचा कामाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटला की सगळे पेढे मागतात आणि आधी गेलेली मंडळी सांगतात, "सुटलीस, आता पुढचं आपोआप होतं." पुढचं काहीही आपोआप होत नाही. माझ्या अनुभवात व्हिसा हा सगळ्यांत सरळ टप्पा होता. खरी दमछाक झाली ती तिथे पोहोचल्यावर, एका पानाच्या कागदासाठी. त्या कागदाबद्दल निघण्यापूर्वी मला कोणीही सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनी नाही, कंपनीने नेमलेल्या रिलोकेशन एजंटानेही नाही. मागून येणाऱ्यांना तो आधीच ठाऊक असावा म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या हातात ऑफर लेटर आहे, डिग्री आहे आणि पहिला पगार होईपर्यंत तग धरता येईल एवढे पैसे आहेत, हे गृहीत धरते.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. नोकरीवर जाणाऱ्या बहुतेकांनी ब्लू कार्डाचाच, म्हणजे पदवीधर नोकरदारांसाठीच्या युरोपीय निवास परवान्याचाच, प्रयत्न करावा. २०२५ साली त्यासाठी वर्षाचा पगार किमान ४८,३०० युरो लागायचा. आयटी, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत मर्यादा कमी असते. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, त्यामुळे करारावर सही करण्याआधी चालू वर्षाचा पाहा. आपली युनिव्हर्सिटी 'आनाबिन' या सरकारी यादीत 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का आणि आपली पदवी तिथे समकक्ष धरली आहे का, हे तपासून दोन्ही पानांच्या प्रिंट फाइलला लावायच्या. पदवी यादीत नसेल तर बॉनच्या झेडएबीकडून, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, तुलनापत्र मागवावं लागतं आणि त्यात वेळ जातो, म्हणून ते सगळ्यांत आधी करा. राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या, व्हिसाची फी ७५ युरो. एवढ्या कामासाठी एजंटाला पैसे द्यायची काहीही गरज नाही.

बायकांसाठी मात्र एक गोष्ट जास्तीची. डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, त्यात गिव्हन नेममध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण तिथल्या खिडकीपलीकडच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेलं त्याचं जर्मन भाषांतर निघतानाच सोबत घ्या. नवरा मागून येणार असला तरी घ्या. नोंदणीच्या दिवशी ते नसेल तर वैवाहिक स्थिती 'अज्ञात' अशी लागू शकते, आणि ती दुरुस्त करायला वेगळा हेलपाटा पडतो.

विमानप्रवास आणि फ्रँकफर्टहून पुढची रेल्वे ठीकच झाली. वृत्तांतात सांगावं असं त्यात काही घडलं नाही.

आता तो कागद. जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाने घरात शिरल्यापासून १४ दिवसांत आपला पत्ता नोंदवायचा असतो. याला आनमेल्डुंग म्हणतात आणि ते ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात होतं. पासपोर्ट आणि फॉर्म सोबत असतोच. पण त्यांना तिसरी गोष्ट हवी असते: हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहतो, असं लिहून घरमालकाने सही केलेला दाखला. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ करा किंवा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण पहिल्या महिन्यात तुम्ही ते आपल्या आडनावापेक्षा जास्त वेळा उच्चाराल. भाडेकरार या दाखल्याच्या जागी चालत नाही. मी पूर्ण करार, भाडं भरल्याची पावती, घराच्या किल्ल्या, सगळं दाखवलं. तरी नाही म्हणजे नाही.

आणि नोंदणी अडली की सगळंच अडतं. नोंदणी झाली की बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयातून ११ आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर थोडा काळ अंदाजाने कर कापतात आणि मग तुम्हाला सहाव्या करवर्गात टाकतात, म्हणजे सर्वांत जास्त कपात. बँकेतल्या बाईंनी नोंदणीचा कागद मागितला. कायमचं घर शोधायला गेले तर तिथे बँक खातं, मागच्या तीन पगाराच्या चिठ्ठ्या आणि शुफा नावाचा पत-अहवाल मागतात. नवीन आलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? घर नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून घर नाही. रात्री जेवण न करता मी या चक्राचा कागदावर नकाशा काढत बसायचे.

मी भारतातून ऑनलाइन बुक केलेली जागा फर्निचरसकट होती, भाडं आधीच भरलेलं. जाहिरातीत 'कामानिमित्त येणाऱ्यांसाठी उत्तम' असं लिहिलं होतं. पोहोचल्यावर दाखला मागितला तर मालक म्हणाला, "तुम्ही तीन महिन्यांच्या आत जागा सोडणार, नोंदणी लागत नाही." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, हवाच असेल तर दाखल्याचे दर महिन्याला १५० युरो वेगळे पडतील. पावती मिळणार नाही.

हे शुद्ध लुबाडणं आहे. त्याने सांगितलेला तीन महिन्यांचा नियम खोटा नाही, पण तो परदेशात राहणाऱ्या आणि जर्मनीत तात्पुरत्या आलेल्या माणसासाठी आहे. नोकरीसाठी राहायला आलेल्यासाठी नाही. नोंदणी कायद्याचं १९ वं कलम घरमालकाला दाखला देणं बंधनकारक करतं. दिला नाही तर त्याला १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. आणि याच कलमात पुढे जे लिहिलंय ते मला आधी कोणी सांगायला हवं होतं: मालक दाखला देत नसेल तर भाडेकरूने ते ताबडतोब नोंदणी कार्यालयाला कळवायचं. म्हणजे मालकाच्या विनवण्या करत बसायचं नाही, थेट कार्यालयाकडे जायचं.

मी तसंच केलं. मालकाला ईमेलवर लेखी मागणी पाठवली, १९ व्या कलमाचा उल्लेख केला, तीन दिवसांची मुदत दिली. उत्तर नाही. मग करार, भाड्याचे पुरावे आणि त्या ईमेलची प्रत घेऊन अपॉइंटमेंटला गेले आणि सांगितलं की मालक दाखला नाकारतोय. खिडकीवरच्या बाईंनी मालकाचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि कार्यालयातर्फे त्याला विचारणा गेली. त्यानंतर तो दाखला माझ्या दाराखालून आत सरकवलेला मिळाला. १५० युरोंचा विषय पुन्हा निघाला नाही. नोंदणीचं पत्रक हातात पडलं त्या दिवशी मी ट्राम सोडून चालत घरी आले, इतकं मोकळं वाटत होतं. ऑफर लेटरचाही एवढा आनंद झाला नव्हता.

यातून मागून येणाऱ्यांसाठी माझं ठाम मत: तात्पुरती जागा ठरवताना भाडं, फोटो, अंतर हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "नोंदणीसाठी दाखला देणार का, आणि कोणत्या तारखेचा?" उत्तर लेखी घ्या. मालक तोंडी 'हो, बघू' म्हणाला तर ती जागा सोडा, कितीही स्वस्त असो. ओळखीच्या माणसाकडे राहत असाल तर मूळ भाडेकरूही दाखल्यावर सही करू शकतो, फक्त त्याने आपल्या मालकाची परवानगी घेतलेली असावी. आणि सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये पैसे घेऊन नुसता पत्ता विकणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्यक्ष राहत नसलेल्या माणसाला असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही. अपॉइंटमेंट १४ दिवसांच्या पुढची मिळाली तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा. वेळेत प्रयत्न केल्याचा तोच पुरावा.

नोंदणी झाली की लगेच, त्याच संध्याकाळी, पत्रपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, पत्ता बरोबर असला तरी. करक्रमांक, बँकेच्या कार्डाचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. करक्रमांकाचं पत्र हरवलं तर घाबरू नका, पासपोर्ट आणि नोंदणीपत्र घेऊन स्थानिक कर कार्यालयात विचारा. बँकेने नोंदणीअभावी नकार दिला तर 'बासिसकोंटो' मागा. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही हे साधं खातं उघडण्याचा हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी.

कायमचं घर शोधताना दोन-तीन धक्के ठरलेले. जाहिरातीतलं भाडं बहुतेकदा काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं. हीटिंग, पाणी, कचरा धरून होतं ते वार्ममीटे, आणि वीज-इंटरनेट त्याहीपलीकडे. दुसरं, रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. ओटा नाही, शेगडी नाही, छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबताहेत. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकायला बघतो, याला आब्ल्योझे म्हणतात. आपण नडलेले आहोत हे त्याला दिसत असतं, म्हणून तो जुन्या कपाटांचे नव्यासारखे पैसे सांगतो. मूळ बिल मागा. वस्तूच्या खऱ्या किमतीच्या दीडपटीहून जास्त मागितलं तर वरच्या रकमेचा करार कायद्यापुढे टिकत नाही, हे त्याला शांतपणे सांगा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन समान हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. एकरकमीच हवं म्हणणाऱ्याशी भांडायचं की नाही हे घराची किती गरज आहे यावर ठरवा. मी भांडले नाही. भाड्याच्या घरासाठी दलालाची फी ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची, हा नियम २०१५ पासून आहे. मालकाच्या दलालाने तुमच्याकडे कमिशन मागितलं तर देऊ नका. आणि मालक 'सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणत असेल तर तो चोर आहे. तिथे दुसरी शक्यता धरूच नका.

पगाराच्या चिठ्ठ्या नाहीत, तर कंपनीकडून पगार आणि कराराची मुदत लिहिलेलं जर्मन पत्र घ्या. मला घर त्या पत्रावरच मिळालं. रिलोकेशन एजंटाचा उपयोग शून्य झाला. कंपनीने निवड दिली तर एजंटाऐवजी तेवढी रक्कम रोख मागा.

पुढचा टप्पा निवास परवान्याचा, तो परदेशी नागरिक कार्यालयात. पासपोर्टवरचा व्हिसा मर्यादित काळाचा असतो आणि तो संपण्याआधी परवान्याचा अर्ज जायलाच हवा. आधी म्हणजे खूप आधी, नोंदणी झाल्याच्याच आठवड्यात. अर्ज दिलाय पण कार्ड आलेलं नाही, अशा काळात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा कागद मिळतो. त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते खिडकीवरच वाचा. निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाची खूण असेल तर जुने हक्क चालू राहतात आणि भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाची असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना अडवतील. घरच्या लग्नाची तिकिटं काढण्याआधी ही खूण बघा. माझ्या ओळखीतली एक मुलगी सख्ख्या भावाच्या लग्नाला जाऊ शकली नाही.

जोडीदाराचं सांगायचं तर ब्लू कार्डधारकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरी करता येते. पण जोडीदार भारतात असेपर्यंत तुम्ही पहिल्या, म्हणजे एकट्या माणसाच्या, करवर्गातच राहता, लग्न झालेलं असलं तरी. पगाराचा हिशेब करताना हे लक्षात ठेवा. स्वतः मात्र जर्मन शिकाच. ब्लू कार्डावर भाषेची बी-वन (मधली) पातळी गाठली तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, ए-वनवर (अगदी सुरुवातीच्या पातळीवर) २७ महिन्यांनी.

बाकी रोजचं जगणं सोपं आहे. रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत घेतलेले २५ सेंट यंत्रात परत मिळतात. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. ते फसवणुकीचं नाही, टीव्ही नसला तरी भरायचं. पण ते घरामागे एकदाच असतं, त्यामुळे एकत्र राहणाऱ्यांपैकी एकजण भरत असेल तर त्याच्या शुल्क-खात्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हा. भारतीय लायसन्स पहिले सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडीची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. ड्रायव्हिंग स्कूल महाग आहे आणि रांग लांब, म्हणून गाडी लागणार असेल तर पहिल्याच महिन्यात नाव घाला. रात्री-अपरात्री ताप आला तर ११६११७ वर डॉक्टर मिळतो, जिवावर बेतलं तर ११२.